पळसाला पाने शून्य

आमचे साडू पुण्यात कोथरूडला राहतात. हा काही गुन्हा नव्हे. त्यांच्याकडे पांढऱ्या रंगाची, पुढून रागावल्यासारखी दिसणारी एक उंच मोटार आहे. हाही गुन्हा नव्हे. परंतु चाळिशी उलटलेला मनुष्य बायकोला मोटरसायकलवर मागे बसवून भर मार्चमध्ये सह्याद्री चढून येतो, त्या अर्थी त्याच्या डोक्यात काहीतरी बिघाड झालेला आहे, असे त्यांचे मत आहे. आणि हे मत त्यांनी माझ्यासमोर, माझ्या मेव्हणीसमोर आणि मुख्य म्हणजे माझ्या पानात श्रीखंड वाढले जात असताना मांडले. श्रीखंड तोंडात असताना माणसाला वाद घालता येत नाही. साडूंना हे ठाऊक असावे. त्यांनी दोनदा आग्रह केला. म्हणून हे लेखी उत्तर.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. डोंगर बघायचा तर पावसाळ्यात. उन्हाळ्यात तिथे असते काय? शिवाय हे का वय आहे? शिवाय उद्या काही झाले म्हणजे? आणि या तिन्हीवर शिक्का मारावा तशी त्यांनी शेवटी म्हण मारली, ''अहो, कुठंही जा, पळसाला पानं तीनच!''

ही म्हण नेमकी मला ऐकवावी, याला योगायोगच म्हणायचे. कारण मी राहतो पनवेलजवळ पळस्प्याला.

पळस्पे बघितले नाही असा मराठी माणूस विरळा, आणि पळस्प्याला उतरून गावात गेला असा त्याहून विरळा. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला जिथे गोव्याचा रस्ता फुटतो तो पळस्पे फाटा. सगळा महाराष्ट्र इथे मिसळ किंवा कोथिंबीरवडी खाऊन, तोंड पुसून, कुठेतरी दुसरीकडे निघून जातो. आम्ही मात्र तिथेच राहतो. फाट्यावरून उजवीकडे वळलात की राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ लागतो, ज्याला आमच्या पिढीचे लोक अजून १७ नंबरच म्हणतात. तो थेट कन्याकुमारीपर्यंत जातो. समोर गेलात तर खोपोली, खंडाळा, पुणे. म्हणजे मी रोज सकाळी दूध आणायला जातो तेव्हा एका अंगाला कन्याकुमारी असते आणि दुसऱ्या अंगाला सह्याद्री. आणि मी दुधाची पिशवी घेऊन घरी येतो. असे पंधरा वर्षे चालले होते.

याला कारण आमची बँक. मी बँकेत कारकून आहे. हल्ली आम्हाला इंग्रजीत भारदस्त हुद्दा मिळाला आहे, पण खिडकीपलीकडचा माणूस 'ओ साहेब' म्हणून काच वाजवतो ती तशीच वाजवतो. बँकेतल्या माणसाला वसंत ऋतू नसतो. मार्च एन्ड असतो. कोकीळ बाहेर गळा काढत असतो तेव्हा आत आम्ही काढत असतो. व्याज आता संगणक काढतो हे खरे; पण त्याने काढलेले बरोबर आहे की नाही हे बघायला माणूसच लागतो, आणि तो बहुधा मीच असतो. पंचांगातला चैत्र येईपर्यंत आमचे डोळे ताळेबंदासारखे दोन्ही बाजूंनी सारखेच सुजलेले असतात.

त्यात १ सप्टेंबर २०१५ पासून सरकारने आम्हाला महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार सुटीचा दिला. वीकएन्ड ही वस्तू जगात असते हे मी ऐकून होतो; ती पस्तिशीत पदरी पडली. मिळाली तेव्हा तिचे काय करायचे ते समजेना. पहिली काही वर्षे मी दुसऱ्या शनिवारी पंखे पुसले आणि चौथ्या शनिवारी माळा आवरला.

गेल्या जूनमध्ये मुलगी कॉलेजला बाहेरगावी वसतिगृहात राहायला गेली. तोपर्यंत घरात आम्ही तिघे होतो असा माझा समज होता. ती गेल्यावर कळले की बोलणारी ती एकटीच होती. आम्ही दोघे फक्त तिच्याबद्दल बोलत असू. आता संध्याकाळी ''गॅस आला का?'' ''आला.'' ''पावती?'' ''फ्रिजवर.'' एवढ्या ऐवजावर घर चालू लागले. वीस वर्षांचे लग्नाचे खाते, आणि त्यात महिन्याला चार नोंदी. बँकेत व्यवहार थांबलेल्या खात्याला 'व्यवहारशून्य' म्हणतात आणि ते पुन्हा चालू करायला खातेदारालाच पुढे यावे लागते. फेब्रुवारीतल्या एका रात्री ही म्हणाली, ''अहो, बाहेरचा पळस बघितलात का? नुसता पेटलाय.'' मी म्हटले, ''कुठला पळस?'' तिने माझ्याकडे असे बघितले, की दुसऱ्या दिवशी मी मोटरसायकलचे ऑइल बदलून आणले.

आता साडूंच्या मुद्द्यांकडे वळू. वळताना हात दाखवतो आहे, लक्षात ठेवा.

पहिला मुद्दा, डोंगर पावसाळ्यातच बघावा. हे मत एकट्या साडूंचे नाही. उभ्या मराठी मध्यमवर्गाचे आहे. जुलैच्या कुठल्याही रविवारी ताम्हिणी घाटात जा. पुण्यामुंबईच्या मोटारी एकमेकींच्या शेपट्या हुंगत उभ्या असतात. काचांवर वाफ, आत कणीस, बाहेर धुके. साडूंनीच मागच्या पावसाळ्यात चार तास ताम्हिणीत काढले. त्यांना दिसले काय? पुढच्या गाडीचा नंबर. तो त्यांना अजून पाठ आहे. धबधबा त्यांनी घरी आल्यावर मुलाच्या मोबाइलवर बघितला.

मला पावसाचे वाकडे नाही. पण बारा महिन्यांच्या डोंगराला आपण चार महिन्यांचा डोंगर करून टाकला आहे. उरलेले आठ महिने तो कुठे जातो, काय करतो, कोण चौकशी करतो? नोकरीत असेपर्यंत साहेबाला नमस्कार करावा आणि निवृत्त झाल्यावर ओळखू नये, तशातली ही गत. वसंत म्हटले की आपल्याला कवितेतली आमराई आठवते, नाहीतर सिनेमातले काश्मीर. सह्याद्रीला वसंत येतो याची वर्दीच कोणी दिलेली नाही. पंचांगात तो चैत्रापासून धरतात. पळसाने पंचांग वाचलेले नाही. तो माघात सावध होतो आणि फाल्गुनात कोणाची परवानगी न घेता फुलतो.

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. मोटरसायकल सव्वाशे सीसीची, आठ वर्षांची, घसारा वजा जाता पुस्तकी किंमत विचारू नका. पाठीला सॅक, त्यात थालीपिठे, पाण्याच्या चार बाटल्या, कोकमाचे सरबत आणि हिशेबाची वही. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवे हा कायदा १९८८ पासूनचा आहे. हिचे हेल्मेट घ्यायला दुकानात गेलो तेव्हा दुकानदाराने, ''वहिनींना हलकंसं देऊ का, नुसतं पोलिसापुरतं?'' असे विचारले. ही म्हणाली, ''डोकं खरंच आहे हो माझं.'' चांगले घेतले.

मागे बसणाऱ्या बाईचा या देशात कोणी विचार करत नाही असे म्हणतात, ते खोटे आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पष्ट लिहिले आहे की मोटरसायकलला मागच्यासाठी धरायला मूठ पाहिजे, पाय ठेवायला जागा पाहिजे आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मे चाक तरी झाकणारी आडोशाची सोय पाहिजे. हा नियम लिहिणाऱ्या गृहस्थाने कधीतरी स्वतःच्या बायकोला नऊवारीत मागे बसवून सासुरवाडीला नेलेले असणार. अनुभवाशिवाय सरकारी कागदात एवढा जिव्हाळा उतरत नाही.

गोव्याच्या रस्त्याला लागलो. हा रस्ता म्हणजे वेगळ्या ग्रंथाचा विषय आहे. पळस्पे ते इंदापूर या चौऱ्याऐंशी किलोमीटरचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले. (हे इंदापूर रायगडातले, उजनीचे पाणी पिणारे निराळे.) तेव्हा आमची मुलगी शिशुवर्गात होती. ती पहिलीत गेली, दुसरीत गेली, वर्षावर्षाने पुढे सरकली. २०२४ साली ती बारावी पास झाली, त्या वर्षीही रस्ता नापासच होता. दर गणपतीच्या आधी त्याला नवी तारीख मिळे. इतक्या तारखा आमच्या शाखेत बुडीत कर्जदारसुद्धा देत नाहीत.

पण कर्नाळ्याला आलो आणि ऊन डोंगरावर पडले. कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका आमच्या रोजच्या बघण्यातला. बँकेत अंगठा घेताना मला हमखास तो आठवतो. खाली पक्षी अभयारण्य आहे, १९६८ सालचे. गाडी कडेला घेतली. सावरीचे एक झाड, अंगावर एक पान नाही, नुसती तळहाताएवढी लाल फुले, आणि त्यावर बुलबुल, कोतवाल, साळुंक्या यांची पगाराच्या दिवशी एटीएमसमोर असते तशी गर्दी. मला त्यातले फक्त कावळा आणि साळुंकी ओळखू येतात. बाकीची नावे हिने सांगितली. वीस वर्षांत हिला पक्षी ओळखता येतात हे मला माहीत नव्हते. कधी विचारले नव्हते.

पुढे पेण, वडखळ, नागोठणे. मोटरसायकलवर बोलता येत नाही हा साडूंचा एक उपमुद्दा होता. ''मोटारीत कसं, गप्पा मारत जाता येतं.'' मी त्यांच्या मोटारीत बसलो आहे. पुढे ते, शेजारी त्यांचा मोबाइल वाट दाखवतो आहे, मागे मेव्हणी तिच्या मोबाइलमध्ये. पुण्याहून साताऱ्यापर्यंत त्या गाडीत एकच बाई बोलली, ती मोबाइलमधली: ''दोनशे मीटरवर डावीकडे वळा.'' आमच्या गाडीवर वाऱ्यामुळे ऐकू येत नाही हे खरे, म्हणून आम्ही खुणा ठरवल्या. खांद्यावर एक टिचकी म्हणजे हळू. दोन म्हणजे थांबा. चिमटा म्हणजे डावीकडे काहीतरी बघण्यासारखे आहे. नागोठण्यापर्यंत माझा डावा दंड लाल झाला होता.

आणि एक गोष्ट लक्षात आली, ती साडूंना कधीच कळणार नाही. चालवणाऱ्याला प्रवास दिसतच नाही. मला दिसतात ते खड्डे, गतिरोधक, ट्रकची मागची फळी आणि मध्येच आडवी येणारी म्हैस. डोंगर बघते ती मागे बसलेली. आजवर मोटरसायकलच्या जाहिरातीत, सिनेमात, मित्रांच्या बढायांत मी एकच ऐकत आलो: 'त्याने' गाडी मारली. ती मागे 'बसली'. अहो, सगळा सह्याद्री तिने बघितला आणि नाव मात्र ड्रायव्हरचे!

कोलाडला गोव्याचा रस्ता सोडून सुतारवाडीच्या बाजूला वळलो. इथे कुंडलिका नदी भर मार्चमध्ये वाहताना दिसली. कारण तिच्यात पाणी येते ते भिऱ्याच्या वीजघरातून. ते घर टाटांचे, १९२७ सालचे. घाटावर मुळशीला अडवलेले पाणी नळातून खाली सोडायचे, वीज करायची आणि मग नदीला द्यायचे. म्हणजे जे पाणी सकाळी खाली उतरले होते, त्याच्याच गावाला आम्ही वर चाललो होतो.

विळ्याच्या अलीकडे रस्ता अडवलेला दिसला. दोन पोरे इकडे, दोन तिकडे, मध्ये सुंभाची दोरी. शिमगा तोंडावर होता. पोस्त मागायला उभी होती. आमच्या पुढे एक मोटार होती. तिने काच वर केली, हॉर्न वाजवला. पोरांनी निमूट दोरी खाली टाकली आणि मोटार वरून गेली. आम्हाला असे करता येत नाही. दुचाकीवाला दोरीशी थांबतो. पुढाऱ्यासारखा टोपी घातलेला एक पोरगा, असेल नऊ वर्षांचा, पुढे आला. म्हणाला, ''मोटरसायकलला पाच, फोरव्हीलरला वीस.''

आता या दरपत्रकाचे महत्त्व समजायला थोडी पार्श्वभूमी हवी. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही. टोलनाका आला की आम्हाला अगदी डाव्या कडेच्या चिंचोळ्या बोळातून सोडतात, लग्नाच्या मांडवामागून आचाऱ्याला सोडतात तसे. पैसे घेत नाहीत याचा मलाही आनंद व्हायचा. कारकूनच मी. पण बँकेत पंचवीसएक वर्षे काढल्यावर एक गोष्ट कळते: ज्याच्याकडून काही येणे नाही, त्याला कोणी खुर्ची देत नाही. देशात नोंदलेल्या दर चार वाहनांतली तीन दुचाकी आहेत. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे २००२ साली झाला. त्यावर दुचाकीला बंदी. तिथल्या पाटीवर आमचे नाव ट्रॅक्टर, बैलगाडी आणि पादचारी यांच्या पंगतीला आहे. एवढ्या वेगाच्या रस्त्यावर आम्हाला सोडू नये, हे मी मान्य करतो; मला तिथे जायचीही हौस नाही. पण मग आमच्या वाट्याला जो जुना रस्ता ठेवलात, त्याची जमाखर्चाची वही कुठे आहे? त्यात आमचे पान कितवे?

त्या पोराच्या दरपत्रकात मात्र मोटरसायकलला स्वतंत्र रकाना होता. मी हिला म्हटले, ''दे ग.'' आयुष्यात पहिल्यांदा मी टोल भरला. पोराने दोरी खाली टाकली नाही, वर धरली. आम्ही खालून गेलो.

ताम्हिणीचा घाट चढायला लागलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. इथे साडूंना एक गोष्ट कबूल करायला हवी. मार्चमधला डोंगर सगळाच काही सुंदर नसतो. गवत वाळून पिवळे पडलेले, आणि कित्येक उतार नुसते काळे. वणवे. कोणी मुद्दाम लावतो, कोणी विडी टाकतो. जळलेल्या गवताचा वास हेल्मेटमध्ये शिरतो आणि जात नाही. पावसाळ्यात हे दिसत नाही, सगळ्यावर हिरवा रंग बसतो. मला वाटते, म्हणूनच आपल्याला पावसाळा आवडतो. डोंगराला काय झाले आहे ते बघावे लागत नाही.

आणि मग वळणावर त्या काळ्या उतारावरच पळस. एक नव्हे, अख्खी रांग. म्हण करणाऱ्याने पळस पावसाळ्यात बघितला असणार. साडू, नीट ऐका. फाल्गुनातल्या पळसाला पाने तीन नसतात. शून्य असतात. पत्रावळीपुरते सुद्धा पान नाही. नुसत्या काळ्या वाकड्या फांद्या आणि त्यांवर ती केशरी, पोपटाच्या चोचीसारखी फुले. प्लासी नावाचे गाव या पळसावरूनच म्हणतात. १७५७ साली तिथे लढाई हरल्यावर देश गेला. आमचे पळस्पेही त्याच घराण्यातले असावे असा माझा संशय आहे, पण आमच्याकडे अजून कोणी काही हरलेले नाही, म्हणून शाळेच्या पुस्तकात नाव नाही.

दोन टिचक्या पडल्या. थांबलो. ही म्हणाली, ''ते पलीकडचं लाल झाड बघा. ती फुलं नाहीत हं. कोशिंबाची पालवी आहे.'' मी म्हटले, ''तुला हे सगळं कधीपासून येतं?'' ती म्हणाली, ''माहेरी दारात होतं.'' हिचे माहेर मी वीस वर्षे बघतो आहे. दारात मला सासरे दिसले, झाड दिसले नाही.

ताम्हिणी गावात विंझाईच्या देवळाच्या सावलीत थालीपिठे खाल्ली. करवंदीला पांढरा फुलोरा आला होता. त्याच्या वासात थालीपीठ खाणे हा अनुभव मोटारीच्या थंडगार काचेआड मिळत नाही, एवढेच लिहितो. कुठून तरी तांबट एकसुरी टुक-टुक करत होता, नोटा मोजायच्या यंत्रासारखा. तासभर आम्ही बोलत होतो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. म्हणजे वाईट नव्हे, कामाचे नव्हते. गॅसचा विषय निघाला नाही.

पुढे मुळशीचा जलाशय. या पाण्याखाली गावे आहेत. १९२१ साली सेनापती बापटांनी इथल्या मावळ्यांना घेऊन धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. धरण झालेच. कडेने जाताना आम्ही दोघेही गप्प होतो. मोटरसायकलवर तसे असतोच, पण हे गप्प निराळे. मग पौड, पिरंगुट, भूगाव, आणि चांदणी चौक. तिथे पुलांचा असा काही गुंता केला आहे की आम्ही कोथरूडकडे तोंड करून दोनदा मुंबईकडे निघालो होतो.

''काय हे!'' साडू दारातच म्हणाले. आम्ही दोघे तोंडाने तांबडे, केसांनी पांढरे, धूळ. ''अहो, एक्सप्रेसवेनं टॅक्सीनं आला असतात तर दोन तासांत पोचला असतात.''

''पोचलो असतो,'' मी म्हटले. ''आलो नसतो.'' हे वाक्य मला त्या वेळी फार आवडले. हिला नाही आवडले. ती आत निघून गेली.

मग ते जेवण, ते श्रीखंड आणि तिसरा मुद्दा. ''आणि काही झालं असतं म्हणजे?'' साडू म्हणाले, आणि या वेळी ते चेष्टा करत नव्हते. त्यांच्या थोरल्या भावाला त्यांनी स्कूटरवरच गमावले आहे, फार वर्षांपूर्वी. ते हे कधी बोलत नाहीत. त्या दिवशीही बोलले नाहीत, फक्त वाटी पुढे करणारा हात थांबला.

या मुद्द्यावर मी विनोद करणार नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसे गेली. त्यांतली शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. आकडे वाचण्यात माझा जन्म गेला. हा आकडा मला चहा घेता घेता वाचता आला नाही. साडूंची भीती खरी आहे. माझे भांडण त्यांनी त्या भीतीतून काढलेल्या निष्कर्षाशी आहे. दुचाकीवर माणसे मरतात, तेव्हा माणसांनी दुचाकीवर बसू नये, असे ते म्हणतात. मग दूधवाल्याने बसू नये? शाळेत पोराला सोडणाऱ्या बाईने? आमच्या शाखेच्या शिपायाने, जो रोज पेणहून येतो? त्यांना कोण टॅक्सी देणार? ज्यांना मोटार परवडते त्यांनी मोटारीत बसून काचा लावून घेतल्या, की रस्त्याच्या खड्ड्याबद्दल ओरडणारे उरतो आम्ही; आणि आम्हाला तर टोलनाक्यावर बोळातून सोडलेले. स्टाफ लोन मला मिळते, कमी व्याजाने मिळते. सहकारी विचारतात, ''अजून गाडी नाही घेतलीस?'' घेईनही. पण हेल्मेट घालून, पन्नासच्या वर काटा न नेता, उजेडात निघून उजेडात पोचणाऱ्या माणसाला वेडा ठरवायचे आणि कडेला सूचनेची पाटी न लावता रस्ता खणून ठेवणाऱ्याला ठेकेदार म्हणायचे, हा हिशेब मला जुळत नाही.

वयाचा मुद्दा राहिला. तो हिनेच निकालात काढला. मेव्हणी म्हणाली, ''अगं, पाठ नाही का दुखत?'' ही म्हणाली, ''दुखते की. घरी बसून पण दुखायचीच, ताई. तेव्हा कारण नव्हतं.''

रविवारी सकाळी जुन्या रस्त्याने परत निघालो. वडगाव, कामशेत, लोणावळा, खंडाळा. घाटात शिंग्रोबाच्या देवळाशी थांबून नाणे टाकले. साहेबाला घाटाची वाट एका धनगराने दाखवली आणि त्याचे फळ म्हणून त्याचा जीव गेला, अशी त्याची कथा सांगतात. १८३० साली हा गाडीरस्ता खुला झाला तेव्हापासून माणसे इथून खाली-वर करत आहेत. रस्ता काढणाऱ्या साहेबापेक्षा वाट दाखवणाऱ्याला नाणे पडते, हे मला बरे वाटते.

खोपोली उतरून चौकला आलो. उजव्या हाताला इर्शाळगड, त्याचे ते भोक पडलेले टोक. मला दंडाला चिमटा बसला नाही. दोन टिचक्याही नाहीत. हाताने फक्त खांदा धरला. त्या गडाखाली ठाकरांची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री पावसात दरड तिच्यावर आली. पंचवीसहून अधिक माणसांचे मृतदेह मिळाले आणि पन्नासहून अधिक मिळालेच नाहीत. त्याच जुलैत, त्याच पावसात, इथून वीसपंचवीस किलोमीटरवर लोणावळ्याला लोक भजी खायला रांगेत उभे होते. त्यांची चूक नव्हती. माझ्याही शाखेतले होते त्यात. पण साडू, 'डोंगर बघावा तर पावसाळ्यात' हे वाक्य मला आता तितक्या सहज म्हणता येत नाही. मार्चमध्ये तिथे खालच्या उतारावर दोन पांगारे लाल झालेले होते. आम्ही गाडी बंद करून थोडा वेळ उभे राहिलो आणि निघालो.

पळस्पे फाट्यावर दुपारी एकला पोचलो. घर हाकेवर होते. पण ही म्हणाली, ''चहा घेऊ.'' आपल्याच गावात प्रवाशासारखे बाकावर बसून आम्ही चहा घेतला. मी वही काढली. कॅश जुळल्याशिवाय मला घरी जाता येत नाही, सवय आहे. पेट्रोल, चहा, लिंबू सरबत, मेव्हणीसाठी नेलेली पेणची पोह्याची मिरगुंडे, शिंग्रोबा एक रुपया, पोस्त पाच रुपये. बेरीज केली. पाच रुपये कमी. पुन्हा केली. पाचच कमी.

''पाच रुपयांचा फरक येतोय,'' मी म्हटले.

''ते त्या पोरांना दिले,'' ती बशीत चहा ओतत म्हणाली.

''ते धरलेत. मोटरसायकलला पाच.''

''मी दहा दिले,'' ती म्हणाली. ''पाच मोटरसायकलचे. पाच मागे बसणारीचे. त्यानं मागितले नव्हते, मीच दिले.''

मी वहीत वेगळी ओळ ओढून तशी नोंद केली.